हॅमार्शिया : दोष की चूक?

शोकांतिकेच्या नायकाच्या स्वभावात एक दोष असतो आणि त्यापायी त्याचा नाश होतो, असे आम्ही विद्यार्थिदशेत उत्तरपत्रिकांत लिहिले आणि पुढे वर्गात सांगितलेही. 'हॅमार्शिया' या ग्रीक शब्दाचा इतिहास चाळू लागलो तेव्हा हे उत्तर डळमळले.

शब्दाचे मूळ 'हामार्तानेइन' हे क्रियापद. होमरच्या काव्यात ते रणांगणावर भेटते. 'इलियड'च्या चौथ्या सर्गात प्रायमचा पुत्र अँटिफस एजॅक्सवर भाला फेकतो; नेम चुकतो आणि ओडिसियसचा सोबती ल्यूकस मरून पडतो. भाला एकासाठी, मरण दुसऱ्याला. येथे स्वभावदोषाचा प्रश्नच नाही. तिठ्यावर एका उद्धट अनोळखी म्हाताऱ्यावर काठी चालवणारा ईडिपस आपल्या बापाला मारतो, तेव्हा याहून वेगळे काय घडते?

अ‍ॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात हा शब्द योजला, तो दुष्टपणाशी विरोध दाखवूनच. 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या पाचव्या भागात तर तो निव्वळ दुर्दैव, अज्ञानातून घडलेली चूक आणि जाणूनबुजून केलेला अन्याय यांत स्पष्ट भेद करतो.

मग दोष आला कोठून? इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये येऊ लागले, तेव्हा 'पाप' या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी हॅमार्शिया वापरला गेला. गंमत अशी, की त्या हिब्रू धातूचाही मूळ अर्थ नेम चुकण्याशी निगडित आहे. 'शास्ते' या पुस्तकातल्या गोफणधाऱ्यांचा नेम केसभरही चुकत नाही, तेथे तोच धातू येतो. नव्या करारात मात्र पापाचाच अर्थ पक्का झाला, आणि त्या छायेत वाढलेल्या टीकाकारांना ईडिपसच्या ठायी अपराध शोधावासा वाटला असावा. १९०४ साली ए. सी. ब्रॅडली यांची शेक्सपिअरवरील व्याख्याने प्रसिद्ध झाली. नायकाच्या स्वभावात नाशाचे बीज पाहण्याची ती रीत शेक्सपिअरपुरती ठीक होती. ग्रीकांवर ती लादली गेली. १९६६ साली ई. आर. डॉड्स यांना परीक्षार्थींची उत्तरे वाचून या गैरसमजावर स्वतंत्र निबंध लिहावा लागला. आमचीही उत्तरपत्रिका त्याच गठ्ठ्यातली!

खरे तर मराठीला 'दोष' शब्द उसना घेण्याची गरजच नव्हती. आपल्याकडे नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते आणि माणूसही चुकतो. एकाच क्रियापदात भाला आणि माणूस दोन्ही सामावतात, होमरच्या ग्रीकसारखेच. अडचण एवढीच, की 'चूक' म्हटले की शुद्धलेखनाची चूक आठवते, आणि ईडिपसने स्वतःचे डोळे फोडून घेतले ते त्या शब्दात मावत नाही.