परदेशात एलएलएमला अर्ज करताय? ‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणजे काय आणि ते कसं लिहायचं

तालुक्याच्या कोर्टात आता खेड्यापाड्यातून एलएलबी झालेली पोरं-पोरी काळ्या कोटात दिसू लागली आहेत. त्यातल्या काहींच्या डोक्यात पुढच्या पदवीचा, म्हणजे एलएलएमचा विचार असतो. आपल्याकडे एलएलएमला जायचं तर सीईटी द्यायची, राष्ट्रीय विधी विद्यापीठ पाहिजे तर क्लॅट. तिथं मार्क बोलतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या विद्यापीठांचा हिशोब वेगळा आहे. तिथं अशी प्रवेश परीक्षा सहसा नसते. एलएलबीचे मार्क, इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारसपत्रं आणि विद्यार्थ्यानं स्वतःबद्दल लिहिलेली एक-दोन पानं, एवढ्यावर प्रवेश ठरतो. या पानांना पर्सनल स्टेटमेंट म्हणतात. काही ठिकाणी त्याचंच नाव स्टेटमेंट ऑफ पर्पज असतं.

हा बायोडाटा नाही आणि मदतीसाठीचा विनंती अर्जही नाही. वाचणाऱ्या प्राध्यापकाला यातून तीन गोष्टी बघायच्या असतात. या मुलाला नेमकं काय शिकायचं आहे, ते आमच्याकडंच का शिकायचं आहे आणि त्याला ते झेपेल का. बाकी सगळं या तीन प्रश्नांच्या मागून यावं.

बहुतेक अर्ज पहिल्याच ओळीत घसरतात. ‘लहानपणापासून मला अन्यायाची चीड होती’ हे वाक्य कुणीही लिहू शकतो, म्हणून त्याला किंमत नाही. थोर माणसाच्या वचनानं सुरुवात करायची सवय शाळेच्या निबंधातून लागलेली असते, ती इथं सोडावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्यांचं वाक्य वर टाकलं म्हणून आपला अर्ज वजनदार होत नाही.

मग लिहायचं काय? जे आपण हातानं केलं, डोळ्यांनी पाहिलं, ते. समजा एखाद्यानं एलएलबी करताना वकिलाकडं शेतरस्त्याच्या प्रकरणांची कागदपत्रं तयार केली आहेत. वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा होतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ लागतं. या पोरानं बघितलं की आदेश निघतो, पण जागेवर रस्ता खुला होत नाही, किंवा आठ दिवसांत परत चर मारली जाते. इथं त्याला खरा प्रश्न सापडला. आदेश आणि अंमलबजावणी यांच्यामधली फट कायद्यानं कशी बुजवायची? हा प्रश्न चार ओळींत मांडला की वाचणाऱ्याला कळतं, हा माणूस कायद्याकडं विचार करून बघतो. वनहक्क कायदा २००६ ची गावातली प्रकरणं, भूसंपादनाचा मोबदला, पीक विम्याच्या तक्रारी, अशा विषयांवर खेड्यातल्या पोरांकडं जेवढा माल आहे तेवढा शहरातल्या पोरांकडं नसतो. फक्त एक ध्यानात ठेवायचं. लंडनच्या प्राध्यापकाला सात-बारा, फेरफार, तलाठी माहीत नसतो. असा शब्द आला की त्याचा अर्थ अर्ध्या ओळीत सांगावा.

घरची गरिबी लिहावी का, हा प्रश्न हमखास येतो. खरी असेल आणि शिक्षणाशी तिचा संबंध असेल तर एक-दोन वाक्यांत लिहावी. कामाला जाऊन शिकलात, म्हणून दुसऱ्या वर्षी मार्क घसरले, हे सांगण्यासारखं आहे. एटीकेटी लागली असेल तर कारण एकदाच सरळ सांगावं आणि पुढं जावं. दोन पानं रडगाणं लिहिलं तर कायद्याबद्दल बोलायला जागाच उरत नाही. आणि खोटी कहाणी तर अजिबात नको.

‘आमच्याकडंच का’ याचं उत्तर प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळं लिहावं लागतं. ‘आपलं विद्यापीठ जगप्रसिद्ध आहे’ हे त्यांना माहीत आहे. वेबसाइटवर जाऊन कोणते विषय शिकवतात, ते बघावं. उदाहरणार्थ, एडिनबरा विद्यापीठात पर्यावरण आणि हवामान बदलाच्या कायद्याचा स्वतंत्र एलएलएम आहे. जंगल-जमिनीच्या प्रश्नावर काम केलेल्यानं तिथले दोन विषय नावानिशी लिहून, ते आपल्या कामाला कसे जोडतात ते सांगावं. एकच मजकूर पाच ठिकाणी पाठवताना दुसऱ्या विद्यापीठाचं नाव तसंच राहून गेलं, तर अर्ज तिथंच संपला समजा.

शब्दमर्यादा प्रत्येकाची निराळी. कुठं पाचशे शब्द, कुठं हजार, कुठं त्याहून जास्त. दिली असेल तेवढीच पाळायची.

आता एजंटांचं. पैसे घेऊन ‘तयार स्टेटमेंट’ देणारे शहरात बसलेले आहेत. तोच मजकूर नावं बदलून दहा जणांना जातो. विद्यापीठांकडं मजकूर ताडून बघणारी सॉफ्टवेअर असतात आणि हे लिखाण माझं स्वतःचं आहे, असं अर्जदाराकडून कबूल करून घेतलं जातं. पकडलं गेलं तर प्रवेश जातो, भरलेली फी अडकते. घरच्यांनी त्यासाठी जमीन गहाण ठेवली असेल तर नुकसान एकट्या पोराचं राहत नाही. मोबाइलवरच्या एआयकडून अख्खं पान लिहून घेणंही त्यातलंच. व्याकरण तपासायला शिक्षकाची मदत घ्यावी, त्यात गैर काही नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मराठीत घरच्यांना तोंडी सांगून बघावं, मी काय शिकायला चाललोय आणि का. आई-वडलांना पाच मिनिटांत पटलं तर मुद्दा पक्का आहे. मग तो साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवावा. जड इंग्रजी शब्दांनी कुणी भुलत नाही.

शिष्यवृत्तीचा निबंध वेगळा असतो, हेही लक्षात ठेवावं. ब्रिटिश सरकारची चेवनिंग शिष्यवृत्ती कामाचा अनुभव आणि नेतृत्व बघते, शिवाय शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट घालते. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. उत्पन्न, वय, मार्क यांच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचाव्यात, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर जाऊ नये.

तिकडचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्ज साधारण वर्षभर आधीच खुले होतात. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या ठिकाणी मुदत लवकर संपते. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायला आणि सरांकडून शिफारसपत्र मिळवायला वेळ जातो, त्यामुळं ही दोन कामं दिवाळीच्या आधीच सुरू करावीत. कागद येईपर्यंत स्टेटमेंटचे तीन-चार कच्चे खर्डे सहज होतात.