काकांचे केळकर सर

थोरले काका रत्नागिरीहून बोटीने मुंबईला गेले आणि व्हीजेटीआयमध्ये विजेचं शिकले. तिथे विद्युत विभागाचे प्रमुख होते डॉ. पुरुषोत्तम काशिनाथ केळकर. रात्री जेवणं आटोपली की पडवीत काकांचं सुरू होई, आणि आजी सुपारी कातरत विचारी, "केळकर म्हणजे आपल्याकडचेच ना रे?"

"जन्म धारवाडचा गो, 1909 चा. डॉक्टरेट लिव्हरपूलची."

1956 मध्ये पवईच्या आयआयटीची आखणी करायला केळकर गेले. 1959 च्या डिसेंबरात कानपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले. संस्थेला स्वतःची इमारत नव्हती. दुसऱ्या एका संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत कारभार सुरू झाला. पुढे अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांचं साहाय्य आलं, 1963 मध्ये आयबीएम 1620 संगणक आला. अमेरिकेच्या पैशावर सगळं झालं, असं कुणी म्हटलं की काका तापत. पवईला रशियाची मदत होती, मद्रासला जर्मनीची. मग कानपूर वेगळं का झालं?

मला वाटतं, उत्तर परीक्षेत आहे. काकांच्या काळी शिकवणारा एक, पेपर काढणारा दुसरा, तपासणारा तिसराच. केळकरांच्या कानपुरात जो शिकवील तोच प्रश्न काढील, तोच गुण देईल. वर्षाची एकच मोठी परीक्षा जाऊन सत्रं आली. इंजिनिअर होणाऱ्या मुलांना मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रंही सक्तीची झाली. मास्तरावर एवढा विश्वास टाकणारा संचालक विरळाच, आणि त्या काळी तर फारच.

मग काका हमखास कानविंद्यांवर येत. कानपूरच्या संकुलाचे वास्तुकार अच्युत कानविंदे हे आचऱ्याचे. हार्वर्डला वास्तुकार ग्रोपियसच्या हाताखाली शिकलेले. आचरा आता सिंधुदुर्गात, पण 1981 पर्यंत रत्नागिरीशी जिल्हा एकच होता, आणि काकांनी ती वाटणी कधी मानलीच नाही. विटा आणि उघडं काँक्रीट, उन्हातून न जाता एका विभागातून दुसऱ्यात नेणारे छपराचे मार्ग, मधोमध ग्रंथालय. येता-जाता माणसं एकमेकांना भेटावीत, हा त्यातला बेत. केळकरांना हवं होतं तसंच शिक्षण त्या भिंतींत मावलं.

1970 ते 1974 केळकर पुन्हा पवईला होते, संचालक म्हणून. 1990 मध्ये ते गेले. कानविंद्यांच्या त्या ग्रंथालयाला पुढे केळकरांचं नाव दिलं गेलं.