मुलांसाठी विज्ञानाची वेबसाइट बनवायचीय? आधी सेफ्टी पिनांची ही मोटर बघा

दोन सेफ्टी पिना, एक सेल, एक चुंबक आणि इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. एवढ्या सामानात विजेची मोटर फिरते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतल्या मुलालाही ती घरी करता येते. 'अरविंद गुप्ता टॉइज' या वेबसाइटवर अशी शेकडो खेळणी फोटो आणि व्हिडिओंसह मोफत पाहायला मिळतात.

ही साइट दिसायला अगदी साधी आहे. तरीही मुलांसाठी विज्ञानाची वेबसाइट करू पाहणाऱ्यांनी तिच्याकडून बरंच काही घेण्यासारखं आहे.

अरविंद गुप्ता कोण आहेत?

आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करत असताना १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे गावच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून विज्ञान शिकवलं जात होतं. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भूमितीचे आकार करण्याची त्यांची पद्धत तिथलीच. पुढे २००३ पासून दहा वर्षांहून अधिक काळ त्यांनी पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

साइट 'मुलांची' कशामुळे होते?

कार्टून आणि भडक रंगांमुळे नाही. मुलाला पुढची पायरी स्वतः करता आली, तर ती साइट त्याची.

मोटरचंच उदाहरण घ्या. वेटोळ्याच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्या टोकावरचं मात्र एकाच बाजूने. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर मोटर नीट फिरत नाही. कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलट दिशेने लागतो आणि वेटोळं अडखळतं. एका टोकावर अर्धं इनॅमल ठेवलं की त्या वेळेपुरता प्रवाह तुटतो आणि वेटोळं जडत्वाने पुढे सरकतं.

ही एक ओळ राहिली तर प्रयोग फसतो आणि 'मला विज्ञान जमत नाही' असं मुलाला वाटतं. म्हणून प्रत्येक प्रयोगात तीन गोष्टी हव्यात: सामान, पायऱ्या आणि फसलं तर काय तपासायचं. चौथी गोष्ट सुरक्षिततेची. दीड व्होल्टचा सेल चालेल, भिंतीवरचं सॉकेट कधीच नाही. सेल जोडून ठेवला तर तार तापते, हेही लिहायला हवं.

मराठीत करताना काय सांभाळायचं?

शब्द पाठ्यपुस्तकातलेच ठेवा: जडत्व, घर्षण, प्रकाशसंश्लेषण. पण पहिल्यांदा वापरताना सोप्या भाषेत अर्थ सांगा. मुलाने वर्गात ऐकलेला शब्द आणि साइटवरचा शब्द वेगळा असेल, तर त्याचा गोंधळच वाढतो.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला किंवा फोटोत लिहिलेला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही. अंध मुलांना तो स्क्रीन रीडरवर ऐकताही येत नाही.

बहुतेक मुलांच्या हातात घरातल्या मोठ्यांचा फोन असतो, तोही थोडा वेळ. त्यामुळे पान हलकं हवं आणि व्हिडिओ एक-दोन मिनिटांचा.

गेम आणि सिम्युलेशन?

नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातली अनेक सिम्युलेशन्स आज मराठीतही मोफत वापरता येतात. म्हणजे सगळं नव्याने बनवायची गरज नाही. मात्र टिकाऊ तंत्र निवडा. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि त्यावर बनलेले असंख्य शैक्षणिक खेळ एका फटक्यात निकामी झाले.

कायदा काय सांगतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण 'बालक' आहे. त्याची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यावरही बंदी आहे. मुलांबाबतच्या या तरतुदी मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. काही संस्थांना ठरावीक कामांसाठी सवलत आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

छोट्या साइटसाठी सोपा मार्ग एकच: नाव, फोन नंबर, शाळा यातलं काहीच विचारू नका. मोटर कशी फिरते हे सांगायला लॉगिन लागत नाही.

तयार झाली की?

दहा वर्षांच्या मुलाच्या हातात फोन द्या आणि शेजारी गप्प बसा. ते कुठे थांबतं, काय विचारतं, ते लिहून घ्या. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे साइटवर राहून गेलेली एक ओळ असते.