कच्चें लिंबू : बालक्रीडेच्या इतिहासाचें एक उपेक्षित प्रमाण

(१)

महाराष्ट्रांतील व्यायामाचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे तो बहुधा आखाड्यापासून सुरू होतो. समर्थांनीं स्थापिलेले मारुति, पेशवाईंतील तालमी, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर व त्यांनीं ऊर्जितावस्थेस आणिलेला मल्लखांब, पुढें बडोदें, पुणें व अमरावती येथील व्यायामप्रसारक, असा हा क्रम ठरून गेला आहे. क्रम खोटा नाहीं. पण तो मिसरूड फुटलेल्या पुरुषांचा आहे. तीन वर्षांच्या मुलाचे किंवा सात वर्षांच्या मुलीचे हातपाय कोणीं हालते ठेविले, त्यासाठीं समाजानें कांहीं योजना केली होती कीं नाहीं, हा प्रश्न त्यांत उद्भवतच नाहीं.

या मौनावरून दोन परस्परविरुद्ध मतें प्रचारांत आलीं आहेत. एक पक्ष म्हणतो, आमच्या पूर्वजांस बालकांच्या शरीरसंवर्धनाची दृष्टिच नव्हती. ती नव्या बालशिक्षणाबरोबर बाहेरून आली. दुसरा पक्ष म्हणतो, सर्व कांहीं आमच्याकडे महाभारतकालापासून होतें. उपलब्ध साधनें पाहतां आम्हांस हीं दोन्ही मतें टिकण्यासारखीं वाटत नाहींत. योजना होती, परंतु ती संस्थेची नसून आळीची होती, लिखित नसून रूढ होती, आणि तिचें मर्म 'कच्चें लिंबू' या दोन शब्दांत सांठविलेलें आहे, असें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम संस्कृत साधनें पाहूं. चरकसंहितेच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत कुमारागार, म्हणजे बालकाचें घर, कसें असावें हें सांगून पुढें खेळण्यांचा विचार केला आहे. खेळणीं चित्रविचित्र, नाद करणारीं व मनोहर असावींत, जड नसावींत, टोंकदार नसावींत, तोंडांत जातील अशीं नसावींत, जिवास अपाय करणारीं किंवा भय उत्पन्न करणारीं नसावींत, असा तो उपदेश आहे. मूल रडूं लागलें किंवा जेवीनासें झालें तर राक्षस-पिशाचांचीं नांवें घेऊन त्याला भिववूं नये, असेंही त्यालाच लागून बजाविलें आहे. खेळणें तोंडांत जाईल कीं काय, याचा विचार ज्या ग्रंथकारानें केला त्यानें खेळणारें मूल जवळ बसून पाहिलें होतें, हें उघड आहे. चरक महाराष्ट्रीय नव्हे. तरी येथील वैद्यपरंपरा याच संहितांवर पोसलेली असल्यामुळें 'दृष्टिच नव्हती' हें विधान सरसकट करितां येत नाहीं.

दुसरें प्रमाण महाभारताचें. आदिपर्वांत कुरुकुमार हस्तिनापुराबाहेर खेळत असतां त्यांची 'वीटा' विहिरींत पडली व द्रोणाचार्यांनीं गवताच्या काड्या एकींत एक रोवून ती वर काढिली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. लोकांत ती चेंडूची म्हणून सांगतात. पण मूळ शब्द वीटा हा आहे. भारतभावदीपकार नीलकंठ चतुर्धर यानें त्याचा अर्थ देतांना, मुलें दांडक्यानें उडवितात तो जवाच्या आकाराचा वीतभर लाकडी तुकडा, असें वर्णन केलें आहे. हें वर्णन विटीचें आहे, यांत संशय नाहीं.

यावरून महाभारतकालीं विटीदांडू होता, असें उत्साही लेखक विधान करितात. आम्हांस तें मान्य नाहीं. टीकाकार पुष्कळदां आपल्या काळची वस्तु जुन्या शब्दावर बसवितो. नीलकंठ हा गोदातीरच्या कोपरगांवचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत काशीस राहून त्यानें ही टीका लिहिली. तेव्हां महाभारतकालाविषयीं त्याची साक्ष दुबळी आहे. परंतु त्याच्या स्वतःच्या काळाविषयीं ती अव्वल दर्जाची आहे. भारतासारख्या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या पंडितास रस्त्यावरील मुलांच्या विटीचा आकार व तिची लांबी ठाऊक होती, आणि ती सांगणें त्याला कमीपणाचें वाटलें नाहीं, एवढें तिच्यावरून निश्चित ठरतें.

(३)

मराठी साधनांत सर्वांत जुनें म्हणण्यासारखें प्रमाण महानुभाव वाङ्मयांत मिळतें. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु हे तेराव्या शतकांतले. गांवांत स्वच्छंदपणें हिंडणारा, लहान मुलांत मूल होऊन खेळणारा असा हा पुरुष त्यांच्या चरित्रग्रंथांत दिसतो. चरित्रकारास ईश्वराच्या लीळा नोंदवावयाच्या होत्या. खेळांचा इतिहास लिहावयाचा नव्हता. म्हणूनच या उल्लेखांचें मोल अधिक. सांगणाराचें लक्ष दुसरीकडे असतां जें सहज सांगितलें जातें, त्यावर इतिहासकारानें अधिक विसंबावें, हा नियम येथेंही लागू पडतो.

पुढें एकनाथांनीं व तुकारामांनीं खेळांच्या नांवांवरच रचना केल्या. तुकारामांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू, टिपरी, फुगडी अशा नांवांखालीं अभंग आढळतात. खेळ तेथें परमार्थाचें रूपक म्हणून आला आहे. परंतु रूपक तेव्हांच लागू पडतें, जेव्हां ऐकणाराला उपमान अंगवळणीं पडलेलें असतें. हुतुतूंत दम तुटला म्हणजे काय होतें, हें ज्यानें कधीं अनुभविलें नाहीं त्याला त्या रूपकाचा उपयोग काय? कीर्तनास बसलेला सर्व समाज, स्त्रिया धरून, हे खेळ खेळून मोठा झालेला होता, असें अनुमान येथें करावें लागतें. मोल्सवर्थच्या कोशांतही विटीदांडू, हुतुतू, आट्यापाट्या हे शब्द आले आहेत. ग्रंथांत ज्यांना प्रकरण मिळालें नाहीं त्यांना कोशांत तरी जागा मिळाली.

(४)

आतां एक असें प्रमाण घेऊं, जें कोणत्याही रुमालांत सांपडणार नाहीं. विटी टोलविल्यावर ती पडली तेथपासून खळग्यापर्यंतचें अंतर दांडूनें मोजितात. हें मोजणें एक, दोन, तीन असें न करितां वकट, लेंड, मुंड, नाल या शब्दांनीं करितात. पुढील तीन शब्द गांवोगांव थोडे बदलतात; पण साताची आवृत्ति पुरी झाली कीं पुन्हां वकटापासून आरंभ होतो. ज्या शब्दावर मोजणी थांबेल त्याप्रमाणें पायावरून, मुठीवरून कीं डोळ्यावरून विटी मारावयाची, हें ठरतें.

हे शब्द निरर्थक नाहींत. तेलुगूंत एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असें म्हणतात. वकट, लेंड, मुंड, नाल हीं त्यांचींच रूपें होत. खेळ तिकडून आला, कीं मोजण्याची रीत तेवढी आली, आणि कोणत्या शतकांत आली, हें केवळ या चार शब्दांवरून सांगतां येणार नाहीं. पण ज्यांना तेलुगूचा एक शब्द समजत नव्हता अशा पिढ्यान् पिढ्यांच्या मराठी मुलांनीं हे अंक जवळजवळ जसेच्या तसे जपले, ही गोष्ट लहान नाहीं.

जपले तें कोणीं? पंतोजींच्या शाळेंत हे अंक शिकविले जात नव्हते. घरांतील वडील माणसें ते शिकवीत नव्हतीं. दहा वर्षांच्या मुलानें मोजितांना म्हटले आणि पांच वर्षांच्या मुलानें शेजारीं उभें राहून ऐकले, एवढीच याची गुरुपरंपरा. आणि अशी परंपरा चालावयाची तर पांच वर्षांचें मूल त्या जागीं उपस्थित असलें पाहिजे. त्याला खेळांतून हांकलून चालणार नाहीं.

(५)

येथें आम्ही मुख्य मुद्द्यापाशीं आलों. धाकटें भावंड कडेवर घेऊन किंवा बोट धरून खेळावयास आलेल्या मुलांपुढें एकच अडचण असे. धाकट्याला खेळांत घ्यावें तर तो पहिल्याच डावांत बाद होतो. न घ्यावें तर रडून घरीं जातो, आणि मग थोरल्यालाही घरीं बोलावणें येतें. यावर आळीनें काढिलेला तोडगा म्हणजे कच्चें लिंबू. जें मूल कच्चें लिंबू ठरलें तें सर्वांबरोबर धांवतें, लपतें, शिवतें. पण त्याच्यावर राज्य येत नाहीं, आणि तें बाद झालें तरी बाद धरीत नाहींत. त्याच्यामुळें कोणत्याही पक्षाचें बळ वाढत नाहीं कीं घटत नाहीं. एक-दोन वर्षांनीं तें आपण होऊनच म्हणतें कीं, आतां मी कच्चें लिंबू नाहीं. त्या दिवशीं त्याच्यावर पहिलें राज्य येतें व तें अभिमानानें तें घेतें.

या रूढीचें मर्म पाहण्यासारखें आहे. हींत बालकास हरण्याचें भय नाहीं. धांवण्याचा अधिकार मात्र पुरा आहे. नियम समजण्यापूर्वीं शरीर नियमांत वावरूं लागतें. शिकविणारा वेतन घेत नाहीं, व शिकणाराला आपण शिकत आहों याची वार्ताही नसते. जागतिक आरोग्य संघटनेनें इ. स. २०१९ मध्यें पांच वर्षांखालील बालकांसाठीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत एक ते चार वर्षांच्या मुलानें दिवसांतून निदान १८० मिनिटें शारीरिक हालचालींत घालवावींत, असें सांगितलें आहे. आळींतील कच्च्या लिंबाला हे तीन तास मोजून द्यावे लागत नसत.

(६)

आळीच्या जोडीला सणांची योजना होती. नागपंचमीचे झोके, संक्रांतीचे पतंग, दिवाळींत मातीचे किल्ले, आश्विनांत हस्ताच्या पावसांतील हादगा, हें सर्व वर्षभर वांटलेलें असे. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. परंपरा त्याचा आरंभ दुसऱ्या रघुजी भोसल्यांकडे नेते. लहान मुलें लांकडी बैल सजवून, दोरीनें ओढीत घरोघर जातात आणि घरची मंडळी त्यांच्या हातावर बोजारा ठेवितात. मुलाच्या खेळास सर्व वस्तीनें उंबऱ्यापाशीं उभें राहून मान द्यावा, याहून उघडें उत्तेजन कोणतें असावें?

मात्र या चित्राची काळी बाजू झांकून ठेवणें इतिहासास शोभणार नाहीं. मुलींचें खेळणें लग्नाबरोबर संपे, आणि लग्न आठव्या-दहाव्या वर्षीं होई. मंगळागौरीच्या रात्रीं फुगडी, झिम्मा, पिंगा खेळणाऱ्या नववधू आज आपण तरुण स्त्रिया म्हणून डोळ्यांपुढें आणितों. बालविवाहाच्या काळीं त्यांतील पुष्कळ जणी वस्तुतः बालिकाच होत्या. व्रत गौरीचें खरें; पण वर्षभर डोक्यावरचा पदर सांवरणाऱ्या त्या मुलीला श्रावणांतल्या त्या जागरणांत उड्या मारण्याची मुभा मिळे. बालविवाहास आळा घालणारा शारदा कायदा १९२९ सालीं संमत झाला, तेव्हां वय वाढलें तें केवळ विवाहाचें नव्हे, खेळण्याचेंही.

दुसरी गोष्ट, आळी म्हणजे सर्व गांव नव्हे. अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें गांवकुसाबाहेर, आपल्याच अंगणांत खेळत. गांवांतील आळीचें कच्चें लिंबू होण्याचा अधिकार त्यांस नव्हता. ज्या रूढीची आम्ही येथें प्रशंसा केली तिची सीमा कोठें होती, हेंही तिच्याबरोबरच नोंदविलें पाहिजे.

(७)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुणें, बडोदें इत्यादि ठिकाणच्या मंडळींनीं खो-खो, हुतुतू, आट्यापाट्या यांचे नियम बांधिले. बडोद्यास आबासाहेब मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. या उद्योगाचें ऋण मोठें आहे; त्यावांचून कित्येक खेळ आज नामशेष झाले असते. परंतु नियमांच्या पुस्तकांत खो-खोचे गडी नऊ म्हणजे नऊ आणि हुतुतूचे सात म्हणजे सात. दहावें किंवा आठवें असें कच्चें लिंबू त्यांत बसत नाहीं. खेळ आळींतून मैदानावर गेला तेव्हां तो मोठा झाला आणि धाकटें भावंड रेषेबाहेर बसून पाहूं लागलें.

या दोषांत आमचाही वांटा आहे. ज्या शाळेंत आम्हीं अध्यापनांत आयुष्य वेंचलें, तेथें लहान वर्गांचा खेळाचा तास परीक्षा जवळ आली कीं आम्हींच शब्द व धातु चालविण्यासाठीं मागून घेत असूं. रूपें कांहींशीं पाठ झालीं. त्या तासांचें खेळणें मात्र मुलांस परत मिळालें नाहीं.

या बाबतींत खरी इतिहासदृष्टि ताराबाई मोडक यांनीं दाखविली. १९४५ सालीं बोर्डी येथें काम सुरू केल्यावर, मुलें बालवाडींत येत नसतील तर बालवाडीनेंच त्यांच्या अंगणांत जावें, हा विचार त्यांनीं अमलांत आणिला; 'अंगणवाडी' हा शब्द त्यांतून रूढ झाला. पुढें कोसबाड येथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाही चालविल्या. गांवकुसानें जी मुलें बाहेर ठेविलीं होतीं, तशा वंचित मुलांच्या दारीं हें अंगण चालत गेलें. १९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द भारतभर पसरला. शब्द पसरला, आतां त्यांतील पूर्वपद, अंगण, पुष्कळ ठिकाणीं हरवत चाललें आहे. चार भिंतींच्या एका खोलीस अंगणवाडी म्हणणें म्हणजे पाण्यावांचून विहीर म्हणण्यासारखें आहे.

शेवटीं दोन सूचना. जमाखर्चाचे व खाजगी पत्रव्यवहाराचे कागद चाळतांना भोवरा, बाहुली, पांगुळगाडा असा एखादा शब्द आढळल्यास अभ्यासकांनीं तो क्षुल्लक म्हणून सोडूं नये. तारीख व ठिकाण यांसह नोंदवावा. तसेंच प्रत्येकानें आपापल्या गांवीं विटीदांडूचे सात अंक, राज्य ठरविण्याच्या रीती आणि कच्च्या लिंबास तेथें काय म्हणत हें वृद्धांकडून लिहून घ्यावें. हें साधन दप्तरांत नाहीं. माणसांच्या आठवणींत आहे, आणि तीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. लिहून घेऊन झालें म्हणजे वही मिटून एखाद्या नातवंडास बाहेर न्यावें, आणि मोठ्या मुलांस सांगावें कीं, यालाही घ्या.