परळचा रोजचा खर्च

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची गोष्ट लोक मेहेरबाई टाटांपासून सांगतात, आणि ते रास्तच आहे. १९३१ मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी रुग्णालय सुरू झाले. माझी सारी नोकरी अनुदानावर चालणाऱ्या एका संशोधन संस्थेच्या लेखा शाखेत झाली. त्यामुळे मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो: इमारत उभी राहिल्यावर रोजचा खर्च कोणी उचलला?

रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. आपल्याकडचा कर्करोग आपल्या सवयींत शोधायला हवा, हे त्यांनी ओळखले. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळून होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी अभ्यासला. तंबाखू ओढणे-चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावर संघवी, राव आणि खानोलकरांचा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. अशा कामाला रुग्णांना नीट विचारणारी आणि उत्तरे नोंदवणारी माणसे लागतात, आणि त्यांना दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

ही जबाबदारी सरकारने टप्प्याटप्प्याने घेतली. १९५२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर काढले, खानोलकर त्याचे पहिले संचालक. १९५७ मध्ये रुग्णालयही मंत्रालयाकडे आले. १९६२ मध्ये दोन्ही संस्था अणुऊर्जा खात्याकडे गेल्या आणि १९६६ मध्ये टाटा मेमोरियल सेंटर म्हणून एकत्र आल्या. खात्याचे सहाय्यक अनुदान तेव्हापासून या केंद्राचा आधार आहे. २००२ मध्ये संशोधनाची शाखा खारघरला हलली.

सलग पैसा म्हणजे काय, हे पुण्याच्या कमल रणदिवे यांच्या कामावरून समजते. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या या बाईंनी उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर काम केले आणि परळला देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. बाटलीतल्या पेशींचे पोषकद्रव दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. दिवाळीच्या सुट्टीतही कोणीतरी यावेच लागते. प्रयोगाचे उंदीर एकसारखे हवेत म्हणून सख्ख्या भावंडांचा संकर सलग वीस पिढ्या करावा लागतो. एवढ्याला पाचएक वर्षे सहज जातात. मध्येच खाद्याचे पैसे थांबले, तर नुकसान एका महिन्याचे होत नाही, पाच वर्षांचे होते.

आमच्याकडे एका वर्षी अनुदानाचा दुसरा हप्ता लांबला. आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले होते, पण आवर्ती खर्चातले चार रकाने अनावर्तीत धरायला हवे होते, म्हणून कागद परत आला. तोवर प्राणिगृहाला खाद्य पुरवणाऱ्याने उधारीवर माल दिला. मी नवा तक्ता मांडत असताना प्राणिगृहाचा मदतनीस टेबलाशी येऊन एवढेच विचारायचा, “साहेब, सोमवारपर्यंत होईल ना?” हिशेब चोख हवा, जनतेच्या पैशाचा तर हवाच. पण पडताळणी चालू असताना हप्ता रोखला, तर त्याची किंमत प्रयोग मोजतो.

देणगी देणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. टाटांनी पाऊल उचलले नसते तर परळला काहीच उभे राहिले नसते. पण देणगीदाराला पिढ्यान्‌पिढ्या पगार आणि उंदरांचे खाद्य पुरवत राहायला सांगता येत नाही. ते काम सरकारचे, आणि १९५२ पासून ते सरकारने आपले मानले म्हणून परळचे संशोधन टिकले. म्हणून माझे मागणे एवढेच आहे: संशोधन प्रकल्पाचे आवर्ती अनुदान त्याच्या पूर्ण मुदतीसाठी एकदाच मंजूर करावे. हिशेब दरवर्षी तपासावा, चूक असेल तर रक्कम वसूल करावी, पण हप्ता एप्रिलमध्येच संस्थेत पोचावा.