कुकडीच्या तीराने

जुन्नरची पेठ ओलांडून उत्तरेस गेले की कुकडी लागते. पैलतीरी लेण्याद्रीचा डोंगर. मुलाबाळांसह रमतगमत जाण्याजोगी ही वाट आहे. मात्र वरच्या अंगास माणिकडोह धरण असल्यामुळे पात्रात उतरू नये. सातवाहनकाली कोकणचा माल नाणेघाट चढून या नगरीत येई. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर अद्यापि आहे. मालापाठोपाठ परदेशीयही आले. शिवनेरीवरील १६३० चा शिवजन्म मुले शाळेत शिकतातच. इरिलाचे नाव वडीलधाऱ्यांनीच सांगावे लागते. बौद्ध भिक्षूंच्या येथील लेण्यांत त्याचा दानलेख कोरलेला आहे. त्यात एवढेच: दात्याचे नाव, तो यवन, म्हणजे पश्चिमेकडील परदेशीय, गतांपैकी, आणि पाण्याची दोन टाकी.