रक्तस्रावी विकार आणि नवजाताची सुंता

रक्तस्रावी विकार आणि नवजाताची सुंता : रक्त गोठण्याच्या क्रियेत जन्मजात दोष असलेल्या मुलाची सुंता करताना उद्‌भवणारा धोका आणि तो टाळण्यासाठी निरनिराळ्या काळांत योजलेले उपाय यांचा इतिहास. शिश्नाच्या अग्रभागावरील त्वचा कापून काढण्याच्या विधीस सुंता किंवा खतना म्हणतात. ज्यू धर्मात ती जन्मानंतर आठव्या दिवशी करतात. मुसलमानांत वयाचे असे निश्चित बंधन नाही. निरोगी अर्भकात या जखमेतून होणारा रक्तस्राव थोड्याच वेळात थांबतो. हीमोफिलिया असलेल्या अर्भकात मात्र तो तासन्‌तास, प्रसंगी काही दिवस झिरपत राहतो. नवजाताच्या शरीरात एकूण रक्तच सु. २५० मिलि. असल्यामुळे किरकोळ दिसणारा स्रावही प्राणघातक ठरू शकतो.

प्राचीन व मध्ययुगीन नोंदी : आनुवंशिक रक्तस्रावाची ज्ञात असलेली सर्वांत जुनी दखल वैद्यकीय ग्रंथात नव्हे, तर ज्यूंच्या तालमुद या धर्मशास्त्रीय ग्रंथात सुंतेच्या संदर्भात आढळते. एखाद्या स्त्रीचे दोन मुलगे सुंतेनंतर दगावले असतील, तर तिसऱ्याची सुंता करू नये, असे मत इ. स. दुसऱ्या शतकातील धर्मशास्त्री यहूदा हा-नासी यांनी मांडले. सिमेऑन बेन गमालिएल यांच्या मते ही सूट चौथ्या मुलापासून मिळावी. चार बहिणींपैकी तिघींचे मुलगे अशा प्रकारे मरण पावल्यावर चौथीच्या मुलाची सुंता करण्यास मनाई केल्याचा प्रसंगही तेथे नमूद आहे. दोष बहिणींच्या द्वारे पुढील पिढीत उतरतो, हे निरीक्षण त्यात अंतर्भूत आहे. बाराव्या शतकात मायमॉनिडीझ (११३८–१२०४) या वैद्य व धर्मशास्त्रज्ञाने, मुलगे एकाच पतीपासून झालेले असोत वा भिन्न पतींपासून, हा नियम मातेला अनुसरून लागू होतो, असे स्पष्ट केले. अशा मुलाची सुंता तो मोठा होऊन सशक्त होईपर्यंत लांबणीवर टाकावी, हा त्याचा निर्णय होता. विधी पुढे ढकलता येतो, गेलेला जीव परत आणता येत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. कॉर्दोव्हा येथील अरब शस्त्रवैद्य अल्-जहरावी (मृत्यू सु. १०१३) यानेही, क्षुल्लक जखमेने रक्तस्राव होऊन पुरुष दगावत अशा कुटुंबांचे वर्णन केले आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ : आठव्या दिवसाच्या सुंतेची परंपरा महाराष्ट्रात कोकणातील बेने इझ्राएल समाजाने जपली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. ज्यू जगाशी संपर्क तुटलेला असतानाही त्यांनी टिकविलेल्या मोजक्या आचारांत शब्बाथ व खाद्यनिषेध यांबरोबर सुंतेचाही समावेश होता. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. मुंबई व पुणे येथे स्थायिक झालेले बगदादी ज्यू ज्या इराकी समूहातून आले, त्या समूहात क्लथन घटक ११ ची न्यूनता तुलनेने अधिक आढळते. या विकारात रक्तस्रावाचे प्रमाण व्यक्तिपरत्वे बदलते. मुस्लिम समाजात सुंता पूर्वी बहुधा न्हाव्याकडून घरीच केली जाई. त्यामुळे कुटुंबात पूर्वी घडलेल्या दुर्घटनेची माहिती हाच एकमेव इशारा असे.

शास्त्रीय उलगडा : फिलाडेल्फिया येथील जॉन कॉनरॅड ऑटो यांनी १८०३ मध्ये अशा कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले, रोग पुरुषांना होतो पण स्त्रिया तो संक्रमित करतात, असे त्यांनी दाखविले. ‘हीमोफिलिया’ ही संज्ञा १८२८ मध्ये प्रचारात आली. नवजातांतील प्रत्येक रक्तस्राव मात्र हीमोफिलियामुळे होत नाही. चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ मध्ये वर्णन केलेला नवजातांचा रक्तस्रावी रोग पुढे के जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे होतो, असे आढळले. या जीवनसत्त्वावरील संशोधनाबद्दल हेन्‍रिक डाम व एडवर्ड डॉइझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये हीमोफिलियाचे अ (घटक ८ ची न्यूनता) व ब (घटक ९ ची न्यूनता) हे भेद स्पष्ट झाले. ‘अ’ प्रकार सु. ५,००० मुलग्यांत एकास होतो. सु. एक-तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात रोगाचा पूर्वेतिहास नसतो. अशा कुटुंबात सुंतेची जखम हेच रोगाचे पहिले लक्षण ठरू शकते. तालमुदातील नियमाची मर्यादा येथेच आहे : तो मृत्यूंनंतर लागू होतो, त्यांपूर्वी नव्हे.

उपचारांची प्रगती : १८४० मध्ये लंडन येथे सॅम्युएल लेन यांनी शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव न थांबणाऱ्या मुलास रक्त देऊन वाचविले. १९६४ मध्ये ज्युडिथ पूल यांनी गोठविलेल्या रक्तद्रवापासून घटक ८ युक्त अवक्षेप मिळविण्याची रीत शोधली. तेव्हापासून अशा रुग्णांवर नियोजित शस्त्रक्रिया करणे सुकर झाले. परंतु अनेक दात्यांच्या रक्तद्रवापासून बनविलेल्या घटकांतून १९८० नंतरच्या दशकात असंख्य रुग्णांना एड्‌स व यकृतशोथ यांच्या विषाणूंचा संसर्ग झाला. विषाणुनाशक प्रक्रिया आणि जनुकीय अभियांत्रिकीने तयार केलेले घटक यांमुळे हा धोका पुढे फार कमी झाला.

आधुनिक पद्धती : कुटुंबाचा, विशेषतः मातृकुलाचा, इतिहास विचारणे ही पहिली पायरी होय. शंका असल्यास जन्माच्या वेळी नाळेतील रक्त तपासतात. घटक ८ ची तीव्र न्यूनता त्यावरून निश्चित होते. घटक ९ मात्र सर्वच नवजातांत कमी असल्याने, त्याची सौम्य न्यूनता ठरविण्यासाठी काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. निदान होईपर्यंत सुंता पुढे ढकलतात. ती करावयाचीच असल्यास रुग्णालयात, न्यून घटक आधी व नंतर काही दिवस देऊन करतात. जखमेवर तंतुजन-लेप व रक्ताची गुठळी टिकवून धरणारी ट्रॅनेक्सॅमिक अम्लासारखी औषधे वापरतात. अल्पवयात घटकाचा मोठा मारा केल्यास त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊन पुढील उपचार निष्प्रभ होण्याची भीती असते. म्हणूनही विलंब श्रेयस्कर मानतात. तसेच सुंतेच्या वेळी जादा रक्तस्राव झाला नाही, एवढ्यावरून विकार नसल्याचे सिद्ध होत नाही.

मुंबईत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचा विकास होऊन परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आकारास आली. तेथे क्लथन विकारांचे जनुकीय व प्रसवपूर्व निदानही केले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात हीमोफिलियाचा समावेश झाला आहे. तथापि रामटेकसारख्या तालुक्याच्या गावातील अर्भकास घटकमापनासाठी व घटकासाठी सु. ५० किमी. वरील नागपूर गाठावे लागते. रक्तस्राव सुरू झाल्यावर हे अंतर फार मोठे ठरते. पूर्वेतिहासाची विचारपूस जन्मापूर्वीच झाल्यास ते तोडण्यास पुरेसा अवधी मिळतो.